साखर, यीस्ट आणि पाणवनस्पती : एका बाटलीतला विज्ञानेतिहास



या पाठात आपण एका साध्या घरगुती उपकरणाचा इतिहास पाहणार आहोत. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, तिच्यात साखरेचे पाणी, चिमूटभर यीस्ट आणि झाकणातून निघून फिश टँकमध्ये जाणारी एक बारीक नळी. नळीच्या टोकातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि त्यावर टाकीतल्या पाणवनस्पती वाढतात. या मांडणीला फार तर शे-दीडशे रुपये लागतात. तिच्यामागचे ज्ञान गोळा व्हायला मात्र जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

कल्पना करा की तुम्ही जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात खोली घेऊन राहता. जवळच पचपेढीला शासकीय विज्ञान महाविद्यालय आहे. खिडकीशी साठ लिटरची काचेची टाकी आहे, तिच्यात थोडे गप्पी आणि थोडी पाणवनस्पती. तुम्ही बाटली जोडलीत. पहिला आठवडा बुडबुडे छान आले. मग चार तक्रारी सुरू झाल्या. पंधरा दिवसांत बुडबुडे थांबले. बुडबुडे येत होते तेव्हाही वनस्पती म्हणावी तशी वाढली नाही. एके दिवशी पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले. आणि पुढे वनस्पती वाढली तेव्हा छाटलेल्या फांद्या टाकायच्या कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

या चारही तक्रारींची उत्तरे विज्ञानाच्या इतिहासात सापडतात. प्रत्येक तक्रार म्हणजे पूर्वी कोणीतरी कष्टाने सोडवलेला एक प्रश्न आहे. म्हणून आपण हा इतिहास सनावळीच्या क्रमाने न वाचता तक्रारींच्या क्रमाने वाचू.

१. बुडबुडे का थांबले?

आंबवणाला बुडबुडे येतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. जबलपूरच्या आसपासच्या महाकोशल प्रदेशात, तसेच विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, मोहाची फुले पाण्यात भिजवून ठेवतात. त्या सडव्यावर दोन-तीन दिवसांत फेस येतो. गोव्यात आणि कोकणात माडाची सूर काही तासांतच फसफसू लागते. गोव्यातले पोर्तुगीजकालीन पाववाले पीठ फुगवायला हीच सूर वापरत. म्हणजे या वायूचा उपयोग रोज होत होता. त्याला नाव आणि ओळख मात्र नव्हती.

ओळख पटली ती अठराव्या शतकात. स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक याने १७५० च्या दशकात खडूसारख्या पदार्थांतून निघणारा एक वायू वेगळा ओळखला. तो पदार्थात बांधलेला असतो म्हणून त्याला ‘स्थिर वायू’ म्हटले गेले. त्याची खूण सोपी होती : चुन्याच्या निवळीतून हा वायू सोडला की निवळी दुधाळ होते. तुम्ही शाळेत हीच चाचणी केली आहे. उच्छ्वासातून आणि आंबवणातून निघणारा वायूही हाच, हे ब्लॅकने याच चाचणीने दाखवले. पुढे १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने साखर, पाणी आणि यीस्ट एकत्र करून निघणारा वायू गोळा केला व तपासला. तुमच्या खिडकीतली बाटली आणि कॅव्हेंडिशची मांडणी यांत तत्त्वतः फरक नाही.

१७८९ मध्ये आंत्वान लाव्वाझिए याने आंबवणाचा जमाखर्च मांडला. तराजूत साखर किती गेली, मद्यार्क किती झाला, वायू किती निघाला याचा त्याने हिशेब केला आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, असा आग्रह धरला. हाच हिशेब आज आपण असा करतो : ३४२ ग्रॅम साखरेपासून, ती पूर्ण आंबली तर, १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८४ ग्रॅम मद्यार्क मिळतो. बेरीज साखरेपेक्षा १८ ग्रॅमने जास्त भरते, कारण साखरेचा रेणू फुटताना पाण्याचा एक रेणू वापरला जातो. बाटलीत २०० ग्रॅम साखर घातली तर सुमारे १०३ ग्रॅम वायू, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला जवळजवळ ५७ लिटर. ही झाली वरची मर्यादा. साखर संपली की बुडबुडे संपले. तक्रारीचे पहिले उत्तर हे.

परंतु पुष्कळदा साखर शिल्लक असतानाच बुडबुडे थांबतात. बाटलीतले पाणी अजून गोड लागत असते. याचे उत्तर रसायनशास्त्राच्या जमाखर्चात मिळत नव्हते, कारण त्या जमाखर्चात यीस्टला जागाच नव्हती. यीस्ट म्हणजे नेमके काय, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. लेव्हेनहूकने १६८० मध्येच यीस्टचे गोलसर कण सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते, पण ते सजीव आहेत असे त्याने म्हटले नव्हते. १८३७ च्या सुमारास फ्रान्सचा कान्यार द ला तूर आणि जर्मनीचे थिओडोर श्वान व फ्रीडरिश क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले की यीस्ट सजीव आहे, ते वाढते आणि त्याच्या जगण्यातूनच आंबवण होते. त्या काळचे नामांकित रसायनतज्ज्ञ लीबिग आणि व्योलर यांना हे पटले नाही. त्यांनी १८३९ मध्ये त्यावर एक उपहासात्मक लेखही छापला. सगळे काही रासायनिक क्रियांनी समजावता येते, त्यात जीव कशाला आणायचा, अशी त्यांची भूमिका होती.

लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या आपल्या कामातून सजीवांची बाजू भक्कम केली. नंतर १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी वाळूबरोबर खलून, दाबून त्यांचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबली. म्हणजे पेशीत तयार झालेली विकरे हे काम करतात. वादाचा शेवट दोन्ही बाजूंना थोडे थोडे देऊन झाला : क्रिया रासायनिकच, पण ती घडवणारी विकरे सजीव पेशी तयार करते. या कामाबद्दल बुखनरला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या बाटलीकडे या. यीस्ट सजीव आहे म्हणूनच ते साखर संपण्याआधी थकते. त्याने स्वतःच तयार केलेला मद्यार्क एका प्रमाणापलीकडे त्यालाच मारक ठरतो. दीड लिटर पाण्यात २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने आठ-नऊ टक्क्यांवर जाते. पाव-बिस्किटांसाठी मिळणारे बेकरीचे यीस्ट याच्या थोडे पुढेमागे मंदावते. म्हणून साखर दुप्पट घातली तर बाटली दुप्पट दिवस चालत नाही. यीस्ट जास्त घातले तर वेग वाढतो आणि बाटली लवकर संपते.

तपमानाचेही तेच. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. तिशीच्या आसपास यीस्ट जोरात काम करते, थंडीत मंदावते, अति उष्णतेत मरते. तीच बाटली उन्हाळ्यात आठवड्यात संपेल आणि हिवाळ्यात महिनाभर रेंगाळेल. यंत्र असते तर असे झाले नसते. बाटलीत एक पाळीव जीव आहे आणि त्याचेही हवापाणी सांभाळावे लागते, हा १८३७ च्या वादाचा तुमच्यासाठीचा अर्थ आहे.

२. बुडबुडे आले, तरी वनस्पती का वाढली नाही?

पाण्यातल्या पानाला हा वायू लागतो, हे शोधण्यासाठी पाणीच उपयोगी पडले. १७७९ मध्ये यान इंगेनहूस याने पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली आणि त्यांवर येणारे बुडबुडे पाहिले. उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात. जिनिव्हाच्या झां सेनेबिएने १७८२ मध्ये पुढचा प्रश्न विचारला : हे बुडबुडे कशापासून होतात? त्याने पाणी उकळून त्यात विरघळलेला वायू घालवला. अशा पाण्यात उन्हातल्या पानांनीही बुडबुडे दिले नाहीत. पाण्यात ‘स्थिर वायू’ पुन्हा विरघळवला, तेव्हा बुडबुडे सुरू झाले. फिश टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडण्याची कल्पना जिथे जन्मली असे म्हणता येईल, ती जागा हीच. पुढे १८०४ मध्ये निकोला-तेओदोर द सोस्यूर याने मोजमाप करून दाखवले की वनस्पतीचे वजन हवेतला हा वायू आणि पाणी या दोन्हींपासून वाढते.

हा प्रयोग तुम्हीही केला आहे. बारावीपर्यंतच्या जीवशास्त्रात हायड्रिलाच्या फांद्या नरसाळ्याखाली ठेवतात, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घालतात आणि मिनिटाला किती बुडबुडे आले ते मोजतात. मग शिक्षक पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात आणि बुडबुडे वाढतात. तो सोडा म्हणजे सेनेबिएच्या ‘स्थिर वायू’चा पुरवठा. सिव्हिल लाइन्समधल्या विज्ञान महाविद्यालयाची परंपरा १८३६ साली सागर येथे सुरू झालेल्या आणि १८७३ मध्ये जबलपूरला आलेल्या संस्थेपर्यंत जाते. ती पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून ओळखली गेली. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडाचा, नंतर जुन्या मध्य प्रदेशचा घटक होता आणि राजधानी नागपूर होती. नागपूरचे विद्यार्थी आणि जबलपूरचे विद्यार्थी एकाच शासनव्यवस्थेखाली शिकत होते. हायड्रिला मात्र दोन्हीकडच्या तलावांत आपसूक मिळत होती. परदेशी पाठ्यपुस्तकांतली एलोडिया इथे नसली तरी प्रयोग अडला नाही.

हायड्रिलावरचे भारतीय काम प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकापुरते राहिलेले नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये कोलकात्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या शरीरक्रियेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले बरेचसे प्रयोग हायड्रिलावरच आहेत. बुडबुडे डोळ्यांनी मोजण्याऐवजी त्यांची आपोआप नोंद करणारे उपकरण बोस यांनी बनवून घेतले. उन्हाळ्यातली हायड्रिला आणि हिवाळ्यातली हायड्रिला सारखी वागत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. उन्हाळी वनस्पती कार्बन डायऑक्साइड मिळवण्याची वेगळी वाट वापरते, असे त्यांनी सुचवले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायड्रिला गरम, दाट, वायू कमी असलेल्या पाण्यात आपली कार्बन पकडण्याची पद्धत बदलते, हे इतर संशोधकांनी सिद्ध केले. ज्या वनस्पतीकडे आपण ‘तळ्यातले गवत’ म्हणून पाहतो, तिने शास्त्राला एवढे शिकवले.

आता तक्रारीचे उत्तर. १९०५ मध्ये फ्रेडरिक ब्लॅकमन याने ‘मर्यादा घालणाऱ्या घटका’चा सिद्धांत मांडला. एखादी क्रिया अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्यांतली सर्वांत कमी पडणारी गोष्ट ठरवते. टाकीवर मंद दिवा असेल तर वायू कितीही सोडा, वाढ दिव्यावर अडते. प्रकाश भरपूर आणि वायू कमी असेल तर वायू सोडताच वाढ दिसते. दोन्ही असून नत्र, पोटॅश, लोह कमी असेल तर पाने पिवळी पडतात. भाकरीला पीठ आहे, पाणी आहे, पण चुलीत लाकूड नाही, तर भाकरी होत नाही. पीठ दुप्पट करून काय उपयोग?

दुसरे कारण पाण्याचे आहे. पाण्यात वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच कार्बन डायऑक्साइड असतो. पाणवनस्पतींचे शौकीन तो वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत नेऊ पाहतात. गणित करून पाहा : साठ लिटरच्या टाकीत लिटरला २० मिलिग्रॅम म्हणजे एकूण फक्त १.२ ग्रॅम वायू. बाटली पंधरा दिवसांत शंभर ग्रॅमच्या आसपास देऊ शकते. म्हणजे प्रश्न वायू तयार होण्याचा नाही, विरघळण्याचा आहे. मोठे बुडबुडे दोन सेकंदांत वर येऊन फुटतात आणि वायू खोलीत जातो. बुडबुडा बारीक करणे, तो पाण्यात जास्त वेळ रेंगाळवणे आणि पृष्ठभाग फार न घुसळणे, या तीन गोष्टींनी फरक पडतो.

आणि तिसरे कारण वनस्पतीच्या जातीचे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. चुनखडी, संगमरवर यांच्यातून आलेल्या कठीण पाण्यात त्या बाटलीशिवायही तग धरतात. अशा वनस्पतीला बाटली जोडून चमत्काराची वाट पाहू नका. फक्त विरघळलेला वायूच घेणाऱ्या नाजूक जातींना मात्र तिचा खरा उपयोग होतो.

३. मासे पहाटे धापा का टाकत होते?

१७६७ मध्ये जोसेफ प्रिस्टली इंग्लंडमधल्या लीड्स गावी राहायला गेला. त्याच्या घराजवळ बिअरची भट्टी होती. आंबवणाच्या हौदांवर या वायूचा जाड थर असे. प्रिस्टलीने त्यात जळती लाकडे विझताना पाहिली आणि त्या वायूखाली पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून सोडावॉटर बनवले. १७७२ मध्ये त्याने त्याची कृती छापली. १७७१ मध्ये त्याने आणखी एक प्रयोग केला होता : मेणबत्ती जळून बिघडलेल्या हवेत पुदिन्याची फांदी ठेवली, तर काही दिवसांनी ती हवा पुन्हा मेणबत्ती जाळण्याजोगी झाली. वनस्पती हवा सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता.

यावर इंगेनहूसने फार महत्त्वाची दुरुस्ती केली. त्याच्या १७७९ च्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच ती सांगितली आहे : वनस्पती उन्हात हवा शुद्ध करते, सावलीत आणि रात्री मात्र ती बिघडवते. दिवसा प्रकाशसंश्लेषण श्वसनावर मात करते. रात्री फक्त श्वसन उरते.

पहाटेच्या धापांचे उत्तर या एका वाक्यात आहे. दिवे मालवल्यावर टाकीत वनस्पतीही प्राणवायू घेते, मासेही घेतात आणि दोघेही कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यात यीस्टच्या बाटलीला बटण नसते. सिलिंडरला रात्री झडप लावता येते. यीस्टला रात्र-दिवस कळत नाही. ती रात्रभर वायू सोडत राहते. पहाटेपर्यंत वायू साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि माशांच्या रक्तातून वायू बाहेर पडणे अवघड होते. उपायही साधा आहे : रात्री हवेचा पंप चालू ठेवा किंवा बाटलीची नळी टाकीबाहेर काढून ठेवा. नळी बंद मात्र कधीही करू नका.

‘मासे वायू देतील, वनस्पती प्राणवायू देईल, दोघे एकमेकांना जगवतील’ ही कल्पना लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाची. त्याने १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी यांनी साधलेला समतोल तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. सुरुवातीला कुजणाऱ्या पानांनी पाणी खराब होत होते. गोगलगायी सोडल्यावर त्यांनी ती पाने खाल्ली आणि समतोल टिकला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि हा छंद पसरला. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि अनेक मराठी घरांतल्या मुलांनी काचेआडचे मासे पहिल्यांदा तिथे पाहिले.

वॉरिंग्टनच्या समतोलात मासे मोजके आणि वनस्पती सावकाश वाढणारी होती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वनस्पतींनाच प्रमुख मानणारे मत्स्यालय पुढे आले. जर्मनीतल्या शौकिनांनी आणि व्यावसायिकांनी वायूच्या सिलिंडरची पद्धत रुळवली. जपानमध्ये ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये आपली कंपनी स्थापन केली आणि हिरव्या रानासारख्या दिसणाऱ्या टाक्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. सिलिंडर, झडप, दाबमापक हा खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. १९९० च्या दशकात साखर-यीस्टची बाटली शौकिनांत लोकप्रिय झाली, ती या खर्चाला पर्याय म्हणून. म्हणजे कॅव्हेंडिशच्या प्रयोगशाळेतून निघालेली मांडणी सव्वादोनशे वर्षांनी स्वयंपाकघरात आली.

४. बाटली कशी जोडावी?

इतिहास समजला की कृती पाठ करावी लागत नाही. प्रत्येक पायरीचे कारण दिसते.

दोन लिटरच्या बाटलीत दीड लिटर पाणी, २०० ग्रॅम साखर आणि पाव चमचा कोरडे बेकरी यीस्ट घ्या. पाणी कोमट असावे, कढत नको. फेसाला वर जागा हवीच. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आंबवण फार आंबट होत नाही. झाकणाला नळीच्या जाडीपेक्षा किंचित लहान भोक पाडून नळी ओढून घ्या आणि जोड सिलिकॉनने बंद करा. नवी सलाइनची नळी इथे चांगली उपयोगी पडते, कारण तिच्यातल्या थेंबपात्रात थोडे पाणी भरले की बुडबुडे मोजता येतात. मात्र तिच्यावरचे चाक काढून टाका. ते चुकून फिरले आणि नळी बंद झाली, तर बाटलीत दाब साठेल.

बाटली आणि टाकी यांच्यामध्ये पाण्याची एक छोटी बाटली ठेवा. वायू तिच्यातून बुडबुडत जाईल आणि उतू आलेला फेस तिथेच अडेल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात वुल्फ बाटलीची आठवण होईल. आंबवलेले पाणी टाकीत गेले तर जिवाणू माजून पाणी दुधाळ होते आणि मासे मरतात. तसेच रात्री गारवा वाढला की बाटलीतला वायू आकसतो आणि टाकीचे पाणी नळीतून उलटे ओढले जाते. म्हणून नळीत एकाच दिशेने वायू जाऊ देणारी छोटी झडप बसवा आणि बाटली शक्यतो टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. काचेची बाटली वापरू नका.

वायू किती झाला हे पाहण्याचा एक हिशेब आहे. कार्बोनेट काठिण्य जर्मन अंशांत मोजा, पीएच मोजा. लिटरमागे मिलिग्रॅम वायू म्हणजे ३ गुणिले काठिण्य गुणिले १० चा ‘७ वजा पीएच’ वा घात. काठिण्य ४ आणि पीएच ७ असेल तर १२ मिलिग्रॅम. पीएच ६.६ वर उतरला तर सुमारे ३०. याच्यापुढे जाऊ नका. पाण्यात इतर आम्ले असतील तर हा हिशेब फसतो, म्हणून शेवटचा शब्द माशांच्या वागण्याचा.

५. छाटलेल्या फांद्यांचे काय?

बाटली चालली, दिवा योग्य लागला, की वनस्पती भराभर वाढते आणि छाटावी लागते. सिव्हिल लाइन्समधून निघून हातातली पिशवी जवळच्या तळ्यात रिकामी करावी, हा मोह साहजिक आहे. जबलपूर हे तर तलावांचे शहर. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावे परंपरेने राणी दुर्गावतीच्या काळाशी जोडली जातात.

इथे इतिहास पुन्हा सावध करतो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांच्या हौसेने ती जगभर नेली गेली, भारतातही आली आणि आज नद्या-तलाव तिने झाकले आहेत. सॅल्व्हिनिया हे तरंगते नेचेही असेच परदेशातून आले. केरळात १९८० च्या दशकात तिला आवर घालायला एक बारीक भुंगा सोडावा लागला. उलट दिशेचे उदाहरणही आहे : आपली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या पाण्यातले सर्वांत त्रासदायक तण ठरली. इथे तिला खाणारे आणि रोखणारे जीव आहेत, तिथे नव्हते.

भारतातले तणांवरचे प्रमुख संशोधन संचालनालय जबलपुरातच, अधारतालजवळ महाराजपूरला आहे. १९८९ मध्ये ते राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाले आणि जलतणे हाही त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. शहराच्या एका भागात एखादा विद्यार्थी पाणवनस्पती वाढावी म्हणून साखर आंबवतो आणि दुसऱ्या भागात शास्त्रज्ञ पाणवनस्पती आटोक्यात कशी राहील ते शोधतात. दोघांचे शास्त्र एकच. छाटलेल्या फांद्या उन्हात पूर्ण वाळवा आणि कुंडीत खत म्हणून घाला. तळ्यात, नाल्यात, नर्मदेत काहीही टाकू नका.

एक जुनी गोष्ट सांगून थांबतो. उत्तर भारतात खांडसारी बनवताना राबेतल्या साखरेवर तळ्यातल्या हायड्रिला-व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पतींचा ओला थर पसरत. त्यातून झिरपणारे पाणी काकवी धुऊन नेई आणि साखर पांढरी होई. साखर आणि पाणवनस्पती यांची आपल्याकडची गाठ अशी जुनी आहे. त्या कारागिरांनी किंवा सूर उतरवणाऱ्यांनी कारणे लिहून ठेवली नाहीत. कृती मात्र अचूक सांभाळली. प्रयोगशाळेने कारणे दिली. बाटली जोडताना तुमच्या हातात दोन्ही असतात, तेव्हा कारण विसरून नुसती कृती करू नका.

स्वाध्याय

१. लीबिग आणि पाश्चर यांच्या भूमिकांतला फरक सांगा. बुखनरच्या प्रयोगाने कोणाची बाजू किती खरी ठरली?
२. सेनेबिएचा उकळलेल्या पाण्याचा प्रयोग तुमच्या प्रयोगशाळेत हायड्रिलावर कसा कराल? तुलनेसाठी दुसरे भांडे कसे ठेवाल?
३. एकाच कृतीच्या दोन बाटल्या, एक गार आणि एक उबदार जागी ठेवून, दररोज मिनिटाला किती बुडबुडे येतात ते पंधरा दिवस नोंदवा. आलेखावरून साखर संपली की यीस्ट थकले, हे कसे ओळखाल?
४. तुमच्या गावातल्या एका तलावातली पाणवनस्पती पाहा. तिच्यातली कोणती मूळची आणि कोणती बाहेरून आलेली, हे शोधून एक पानभर टिपण लिहा.